उधळ्या पुत्राच्या वडिलांनी क्षमा नेमकी केव्हा केली?

थोरला (प्रश्नकर्ता)

बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि गेली काही वर्षे अभ्यासवर्गात तो शिकवतही आहे. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, दूर देशात ती उधळतो आणि उपाशी होऊन परततो; वडील त्याच्यासाठी मेजवानी करतात आणि थोरला भाऊ रुसून दाराबाहेर उभा राहतो. या वेळी तयारीला बसलो असता मात्र एका साध्या गोष्टीपाशी अडखळलो. ११ ते ३२ या वचनांत 'क्षमा' हा शब्द कोठेही नाही. धाकटा मुलगा 'मी पाप केले आहे' एवढे म्हणतो, 'मला क्षमा करा' असे म्हणत नाही. वडील तर त्याच्या पापाविषयी एक अक्षरही काढत नाहीत. ते नोकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतात, पुष्ट वासरू कापायला सांगतात. पण त्या मुलाला उद्देशून त्यांनी उच्चारलेले एकही वाक्य दाखल्यात सापडत नाही.

ज्या कथेला आपण देवाच्या क्षमाशील पितृप्रेमाचे सर्वांत ठळक चित्र मानतो, तिच्यात ही क्षमा झाली तरी केव्हा? मुलगा डुकरांच्या कळपाजवळ शुद्धीवर आला तेव्हा, तो घराच्या वाटेला लागला तेव्हा, वडिलांनी त्याला दुरून पाहिले तेव्हा, की त्याने तोंडाने कबुली दिल्यानंतर? क्षमा कबुलीच्या आधीच झाली असेल, तर पश्चात्तापाला काम काय उरते? ती कबुलीनंतर झाली असेल, तर तिला विनामूल्य कृपा म्हणण्यात काय अर्थ आहे?

या प्रश्नामागे एक खासगी कारणही आहे, ते लपवत नाही. मी घरातला थोरला आहे. माझा धाकटा भाऊ बऱ्याच वर्षांनी घरी परतला आणि आईवडिलांनी त्याला एकही प्रश्न न विचारता घरात घेतले. तेव्हापासून हा दाखला वाचताना माझे लक्ष मेजवानीकडे न जाता दाराबाहेर उभ्या असलेल्या भावाकडे जाते. त्याचे वागणे चूक होते, असे मला वर्गात सांगावे लागते. त्याचे म्हणणे चूक होते, असे मात्र मला प्रामाणिकपणे वाटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनी वही

आधी वाक्यांचा क्रम पाहावा, कारण या दाखल्यात अर्थ क्रमातच दडलेला आहे. २० व्या वचनात वडील मुलाला दुरून पाहतात, त्यांना कळवळा येतो, ते धावत जातात, त्याच्या गळ्यात पडतात आणि त्याचे मुके घेतात. येथवर मुलाने तोंड उघडलेले नाही. कबुली २१ व्या वचनात येते, म्हणजे ती मिठीत उभे राहून दिलेली कबुली आहे. वडील ती ऐकून मग जवळ घेत नाहीत. निव्वळ क्रमावरून उत्तर द्यायचे तर क्षमा कबुलीच्या आधीची आहे, आणि ती शब्दांत उच्चारण्याची गरज लूकला वाटलेली नाही.

'कळवळा' या शब्दाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलेले आहे. आपण मराठीत 'आतडे तुटणे' किंवा 'आतडे पिळवटणे' म्हणतो, त्याच्या ते फार जवळचे आहे. हे क्रियापद लूक आणखी दोनच ठिकाणी वापरतो: नाईन गावच्या विधवेला पाहून येशूला जे वाटले त्यासाठी आणि दुसऱ्या एका दाखल्यात वाटेत पडलेल्या जखमी माणसाला पाहून शोमरोन्याला (शोमरोन प्रांतातील माणसाला) जे वाटले त्यासाठी. त्या दोन्ही ठिकाणी समोरच्या माणसाने काहीही मागितलेले नाही. विधवा रडत आहे आणि जखमी माणूस अर्धमेला पडला आहे. मागण्याआधीच पाहणाऱ्याचे आतडे तुटते.

मुलाच्या पश्चात्तापाला आपण प्रवचनांतून जरा जास्तच सोवळे नेसवतो, असे माझे मत आहे. १७ व्या वचनात तो शुद्धीवर येतो तो भुकेमुळे. बापाच्या मजुरांना भाकरी पुरून उरते आणि मी येथे उपाशी मरतो, हा त्याचा पहिला विचार आहे. मग तो एक भाषण जुळवतो. त्याचे तीन भाग आहेत: मी पाप केले, आपला मुलगा म्हणवून घेण्यास मी योग्य नाही, मला एका मजुरासारखे ठेवा. त्यातला तिसरा भाग प्रत्यक्ष भेटीत येतच नाही. (काही प्राचीन हस्तलिखितांत २१ व्या वचनातही तो आढळतो, परंतु नकलकाराने वरच्या १९ व्या वचनावरून तो भरून काढला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.) मजूर होण्याचा प्रस्ताव मांडला जाण्याआधीच वडील नोकरांकडे वळून 'लवकर झगा आणा' असे सांगतात.

हे वडील काय करू शकले असते, तेही लक्षात घ्यावे. जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात थोरल्या मुलाला दुप्पट वाटा देण्याचा नियम १७ व्या वचनात आहे, त्यामुळे दोन मुलांच्या घरात धाकट्याच्या वाट्याला एक तृतीयांश येतो. त्याच्या लगेच पुढे, १८ ते २१ या वचनांत, आईबापांचे न ऐकणाऱ्या, खादाड व मद्यपी मुलाला गावच्या वेशीवर वडीलधाऱ्यांपुढे उभे करून दगडमार करावा असा नियम आहे. येशूच्या श्रोत्यांना हे पाठ होते. वाटणी मागणाऱ्या आणि ती उधळून परतणाऱ्या मुलाची कथा सुरू होताच त्यांच्या कानात तो अध्याय घुमला असेल, आणि पुढे दगडांऐवजी झगा आला.

आता तुमचा मुख्य प्रश्न: मग पश्चात्तापाचे काम काय? याचे उत्तर मला आधीच्या दोन लहान दाखल्यांत सापडते. शंभरांतले एक मेंढरू हरवते, दहांतले एक नाणे हरवते, आणि दोन्ही दाखल्यांच्या शेवटी येशू म्हणतो की पश्चात्ताप करणाऱ्या एका पाप्याबद्दल स्वर्गात आनंद होतो. परंतु मेंढराने कोठे पश्चात्ताप केला? ते तर खांद्यावरून आणावे लागले. नाणे तर पश्चात्ताप करूच शकत नाही. सापडू देणे यालाच येशू येथे पश्चात्ताप म्हणत आहे. पश्चात्ताप ही क्षमेची किंमत असती, तर वडिलांनी आधी भाषण पूर्ण ऐकून घेतले असते. क्षमा त्यांच्या बाजूने केव्हाच झाली होती. समेटासाठी मात्र मुलगा त्या मिठीत असणे आवश्यक होते. दूर देशात राहिला असता तर तो क्षमा झालेला मुलगाच राहिला असता, पण उपाशी.

तराजू

वरच्या उत्तरातला क्रम निर्विवाद आहे, निष्कर्ष मात्र मला अर्धाच पटतो. एका दाखल्यावरून देवाच्या क्षमेचे संपूर्ण शास्त्र उभे करू लागलो, की दुसरा दाखला वाट अडवतो.

मत्तयाच्या १८ व्या अध्यायातील निर्दय चाकराची गोष्ट घ्या. त्याचे कर्ज दहा हजार तालांत होते. एक तालांत सुमारे सहा हजार दिनारांचा, आणि मत्तयाच्याच २० व्या अध्यायानुसार दिनार ही एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. वर्षाचे तीनशे दिवस काम धरले तर दोन लाख वर्षांची. हा आकडा फेडण्यासाठी नाहीच, तो ऐकून श्रोत्याला हसू यावे इतका अचाट आहे. धनी ते सारे सोडून देतो. उधळपट्टीच म्हणायची तर ती येथेही आहे. परंतु तोच चाकर शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो, तेव्हा धनी दिलेली सूट मागे घेतो आणि त्याला छळणाऱ्यांच्या हाती देतो. आणि येशू पुढे म्हणतो की तुम्ही आपापल्या बंधूला मनापासून क्षमा केली नाही, तर माझा स्वर्गीय पिताही तुमचे असेच करील. हा तोच 'पिता' आहे. प्रभूच्या प्रार्थनेतही आमचे ऋण सोड असे म्हणताना आम्ही आमच्या ऋण्यांना सोडल्याचा उल्लेख जोडलेला आहे. हे अट नसेल तर काय आहे?

माझी दुसरी अडचण अन्याय सोसणाऱ्याविषयी आहे. दाखल्यात मुलाने ज्याचे नुकसान केले तोच क्षमा करतो, त्यामुळे सारे सोपे वाटते. प्रत्यक्षात माणूस तिसऱ्याच कोणाचे तरी आयुष्य उद्ध्वस्त करतो, देवापुढे रडतो आणि मला क्षमा मिळाली असे सांगत फिरतो. ज्याचे उद्ध्वस्त झाले त्याला कोणी विचारले? जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहॉफर यांनी १९३७ साली 'स्वस्त कृपा' या शब्दांनी जिच्यावर टीका केली ती हीच वृत्ती: पश्चात्तापाविना क्षमा, शिष्यत्वाविना कृपा. हे त्यांनी आरामखुर्चीत बसून लिहिले नव्हते. नाझी राजवटीत ख्रिस्ती मंडळीने कशाकशाकडे डोळेझाक केली ते त्यांनी पाहिले होते आणि ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. प्रेषित पौलालाही ही शंका आधीच विचारली गेली असावी, कारण रोमकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायाची सुरुवातच तो त्या प्रश्नाने करतो: कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय? आणि स्वतःच ठणकावून नाही म्हणतो.

म्हणून मला जकातदार जक्कयाची गोष्ट अधिक भरवशाची वाटते. लूकच्याच १९ व्या अध्यायात येशू आधी त्याच्या घरी उतरतो, हे मी मान्य करतो. परंतु त्यानंतर जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करण्याचे कबूल करतो. धाकट्या मुलाने मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी काय केले, हे लूकने सांगितले असते तर आपला हा वाद बराच लहान झाला असता.

ओंजळ

मी वेगळ्या बाजूने लिहिते आहे. 'देव पिता आहे' हे वाक्य ऐकून सर्वांनाच ऊब मिळते असे धरून आपण बोलतो आहोत. समुपदेशनाच्या कामात मला अनेक माणसे अशी भेटली, ज्यांच्या पोटात 'पिता' या शब्दानेच गोळा येतो. एक बाई प्रभूची प्रार्थना सुरू झाली की 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' या शब्दांना गप्प राहत आणि 'तुझे नाव पवित्र मानले जावो' येथून सामील होत. त्यांच्या वडिलांविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही. त्यांना उधळ्या पुत्राचे वडील वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी विचारले, "असे वडील असतात, हे कोणाच्या अनुभवावरून सांगता?"

मला वाटते याचे उत्तर होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात आहे. तेथे देव एफ्राइमाला, म्हणजे इस्राएलाला, चालायला शिकवणारा, हाताला धरणारा, वाकून भरवणारा असा रंगवलेला आहे. मूल तोंड फिरवते, देवाला राग येतो, आणि मग एकाएकी 'एफ्राइमा, मी तुला कसा सोडून देऊ' असा प्रश्न तो स्वतःलाच करतो. राग आवरण्याचे कारण तो पुढच्याच वचनात देतो: मी देव आहे, मनुष्य नव्हे. म्हणजे आपल्या वडिलांना मोठे करून आकाशात बसवले की देव तयार होतो, असे पवित्र शास्त्र म्हणतच नाही. उलट मानवी बापाचे माप तेथे अपुरे पडते. स्तोत्रकर्त्यालाही हे ठाऊक होते. २७ व्या स्तोत्रात तो म्हणतो की आईबापांनी मला सोडले तरी परमेश्वर मला जवळ करील. आईबाप सोडू शकतात, ही शक्यता त्याने प्रार्थनेतच मान्य केलेली आहे.

म्हणूनच शास्त्र एका प्रतिमेवर थांबत नाही. यशयाच्या ४९ व्या अध्यायात तान्ह्या बाळाला विसरणाऱ्या आईचा उल्लेख आहे आणि ती विसरली तरी मी विसरणार नाही असे देव म्हणतो. ६६ व्या अध्यायात तो आईसारखे सांत्वन करण्याचे वचन देतो. येशू स्वतःला पिलांना पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. दयेसाठी असलेला हिब्रू शब्द गर्भाशयाच्या शब्दाशी नाते सांगतो. ११ व्या शतकात धर्मशास्त्रज्ञ आन्सेल्म यांनी आणि १४ व्या शतकात गूढवादी लेखिका नॉर्विचच्या जूलियन यांनी ख्रिस्ताला आई म्हटले, तेव्हा ते काही नवे धाडस करत नव्हते. मराठी कानांना तर देवाला माउली म्हणणे मुळीच परके नाही. आणि याच अध्यायात वडिलांच्या आधी, दिवा लावून घर झाडणारी आणि नाणे सापडल्यावर शेजारणींना बोलावणारी एक बाई आहे, जिच्यावर प्रवचन मी क्वचितच ऐकले आहे.

येशूने देवाला हाक मारली तो 'अब्बा' हा शब्द म्हणजे लहान मुलाचे बोबडे 'बाबा', असे व्यासपीठावरून वारंवार सांगितले जाते. बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९८८ साली दाखवून दिले की हा शब्द मोठी माणसेही वापरत. त्यामुळे त्यातली जवळीक कमी होत नाही, फक्त लाडिकपणा गळून पडतो. शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी हा अरामी शब्द एकदाच, मार्काच्या १४ व्या अध्यायात, येतो आणि तोही अटकेच्या रात्री गेथशेमाने येथे, दुःखाचा प्याला दूर करण्याची विनंती करताना. तो प्याला दूर झाला नाही. पित्याच्या प्रेमाविषयी बोलताना ही रात्र वगळली, तर जे उरते ते फारच गुळमट असते.

तराजू यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्यात एक भर घालते. क्षमा करणे आणि पुन्हा त्याच छपराखाली राहायला जाणे या दोन गोष्टी आहेत. मार खाल्लेल्या माणसाला हा दाखला दाखवून परत पाठवणे हा दाखल्याचा गैरवापर आहे. येथे घराबाहेर गेला तो दुखावणारा होता, दुखावलेला नव्हे.

वाटसरू

एक छोटी भर. अध्यायाची पहिली दोन वचने सोडून पुढे वाचू नये. जकातदार आणि पापी लोक येशूजवळ येत होते आणि परूशी व शास्त्री (नियम कसोशीने पाळणारे यहूदी धर्मनेते) कुरकुर करत होते की हा पाप्यांचे स्वागत करतो व त्यांच्याबरोबर जेवतो. तिन्ही दाखले या कुरकुरीला दिलेले उत्तर आहेत. म्हणजे कथा मुळात धाकट्यांसाठी नसून थोरल्यांसाठीच सांगितली गेली. प्रश्नकर्त्याचे लक्ष दाराबाहेर जाते, ते योग्य ठिकाणीच जाते.

थोरला (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. आता माझ्या मनातला आक्षेप अधिक नेमका मांडू शकतो, आणि तो पैशाचा आहे, हे आधीच सांगतो. १२ व्या वचनात वडिलांनी मालमत्ता 'त्यांच्यात' वाटून दिली, म्हणजे वाटणी दोघांतही झाली. धाकट्याने आपला तिसरा हिस्सा संपवला. घरी जे उरले ते सारे हिशेबाने थोरल्याचे. ३१ व्या वचनात वडील स्वतःच ते मान्य करतात: माझे जे काही आहे ते सर्व तुझेच आहे. मग ते पुष्ट वासरू कोणाचे होते? तो झगा आणि ती अंगठी कोणाच्या वाट्यातली होती? वडिलांचे औदार्य थोरल्याच्या खिशातून चालले होते, आणि त्याला शेतावरून बोलावून विचारण्याचेही कोणाला सुचले नाही. वाद्यांचा आवाज ऐकून त्याला नोकराकडे चौकशी करावी लागली. जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथात (ज्या मंडळ्या तो मानतात त्यांच्या शास्त्रात) जिवंतपणी मुलांना मालमत्ता देऊन मोकळे होऊ नये, असा शहाणा सल्ला ३३ व्या अध्यायात आहे. या वडिलांनी तो सल्लाही धुडकावला. अशा प्रेमाला अनाठायी म्हणणारा मुलगा इतका चुकतो का?

जुनी वही

वासराचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. या क्षमेला किंमत पडली आणि तिचा काही भाग थोरल्यावर पडला. घरात जेव्हा कोणी परत घेतले जाते, तेव्हा जागा, वेळ आणि पैसा कोणाचा तरी जातोच. हे लपवणारी क्षमेची शिकवण मलाही नको आहे. परंतु त्याच ३१ व्या वचनात आणखी एक गोष्ट आहे, जी तराजू यांच्याही कामी यावी. धाकट्याला त्याचा गेलेला हिस्सा परत मिळालेला नाही. त्याला मुलगा म्हणून जागा मिळाली, झगा मिळाला, मेजवानी मिळाली. उधळलेली मालमत्ता उधळलेलीच राहिली. क्षमेने घडलेले पुसले गेले, असे कथा म्हणत नाही.

आता थोरल्याचे शब्द बारकाईने वाचावे. धाकटा वाटणी मागतानाही 'बाबा' म्हणतो आणि परत आल्यावरही 'बाबा' म्हणतो. थोरला ते संबोधन एकदाही वापरत नाही. तो 'पाहा' असे म्हणून बोलायला सुरुवात करतो. पुढे तो म्हणतो, इतकी वर्षे मी तुमची चाकरी करत आहे. मूळ क्रियापद गुलामीचे आहे. मी कधी आज्ञा मोडली नाही, आणि तुम्ही मला मित्रांबरोबर मौज करण्यासाठी एक करडूही दिले नाही. हा मुलाचा हिशेब नाही, थकलेल्या पगाराची मागणी आहे. दुसरीकडे धाकटा काय ठरवून आला होता? मला मजूर ठेवा. दोन भावांचे एकमेकांशी काहीच जुळत नाही असे आपण समजतो, पण वडिलांकडे पाहण्याची त्यांची रीत एकच आहे: एकाला वाटते मी काम करून पुन्हा काहीतरी मिळवीन, दुसऱ्याला वाटते मी काम करून केव्हाच मिळवले आहे. वडील दोघांनाही नोकर होऊ देत नाहीत. धाकट्याचे वाक्य ते मध्येच तोडतात, आणि थोरल्याचे पूर्ण ऐकून घेतात, पण उत्तर 'बाळा' या शब्दाने सुरू करतात.

दाखल्यात वडील मुलाशी प्रत्यक्ष बोलतात ते थोरल्याशीच, हे तुमच्या पहिल्या निरीक्षणातूनच निघते आणि मला ते आजवर जाणवले नव्हते. धाकट्यासाठी ते धावले तसे थोरल्यासाठीही पाहुणे सोडून बाहेर आले. २८ व्या वचनात ते त्याची समजूत घालतात. घरच्या कर्त्याने भरल्या मेजवानीतून उठून रुसलेल्या मुलापाशी जाणे, हीदेखील मान बाजूला ठेवण्याचीच गोष्ट आहे. तुमच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर येथे आहे असे मला वाटते: थोरल्याने तर कबुली दिलेलीच नाही, उलट तो आरोप करतो आहे, तरीही वडील बाहेर आलेले आहेत. पश्चात्तापाआधी क्षमा असते की नाही, हे धाकट्यापेक्षा थोरल्याच्या प्रसंगात अधिक स्वच्छ दिसते.

निर्दय चाकराविषयी: तो धन्याकडे सूट मागतच नाही, सवड मागतो. मला थोडा वेळ द्या, मी सर्व फेडीन, असे दोन लाख वर्षांचे कर्ज असलेला माणूस म्हणतो. धनी सवड न देता सगळेच सोडतो, आणि चाकर बाहेर पडताच वसुलीला लागतो. त्याला कर्ज सुटल्याचे कळलेच नाही, अशी माझी समजूत आहे. त्याची खातेवही डोक्यात चालूच होती. (माझे येथील नाव पाहता हे मी लिहावे, याची मला गंमत वाटते.) तरीही ३४ वे आणि ३५ वे वचन कठोरच राहते आणि ते मऊ करण्याचा प्रयत्न मी करणार नाही. क्षमा घेऊन ती पुढे न देणारा माणूस क्षमेबाहेर पडतो, एवढे तेथे स्पष्ट लिहिलेले आहे.

तराजू

सवड आणि सूट यांतला फरक मान्य. पण 'कळलेच नाही' हे तुमचे वाक्य मत्तयाचे नाही. मत्तय त्याला सरळ दुष्ट चाकर म्हणतो. अज्ञान आणि दुष्टपणा यांत मी फरक करीन. एवढे सोडल्यास थोरल्याच्या प्रसंगाविषयीचे म्हणणे मला पटले.

थोरला (प्रश्नकर्ता)

वासराबद्दलचे उत्तर टाळले नाही, यासाठी विशेष आभार. त्याने माझे पूर्ण समाधान झाले असे म्हणणार नाही, पण वर्गात आता ते झाकून ठेवणार नाही.

'बाळा' या शब्दावरून त्याच्या मागचे आणि पुढचे वचन पुन्हा वाचले. ३० व्या वचनात थोरला भावाला 'हा तुमचा मुलगा' म्हणतो आणि ३२ व्या वचनात वडील त्याला न टोकता तेच शब्द बदलून 'हा तुझा भाऊ' असे परत करतात. माझा भाऊ परतल्यापासून आईशी बोलताना मीही 'तुझा मुलगा जेवला का', 'तुझा मुलगा केव्हा येणार' असेच विचारत आलो आहे. आईने त्यावर मला कधी टोकले नाही. ती प्रत्येक वेळी उत्तरात त्याचे नाव घेते, आणि ते नाव माझ्या तोंडून गेल्या कित्येक महिन्यांत आलेले नाही.

थोरला शेवटी आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. पुढच्या आठवड्याचा वर्ग मी २८ व्या वचनापासूनच सुरू करणार आहे.